काचेपलीकडचा फोटो

मुंबई-नाशिकला दिलेल्या लेकी सुट्टीत जबलपूरला, विजय नगरच्या माहेरी येतात. परतीच्या रात्री आजी-आजोबा स्टेशनवर पोहोचवायला येतात आणि वातानुकूलित डब्याच्या बंद खिडकीबाहेर उभे राहून हात हलवतात. नात घाईघाईने मोबाइल पुढे करते. गाडी सुटल्यावर पाहावे तर आजीच्या जागी फ्लॅशचा पांढरा गोळा, समोरच्या बर्थवरची बॅग आणि नातीचाच अर्धवट चेहरा! आता ते दृश्य पुन्हा वर्षभराने.

दोष मोबाइलचा नसतो. काचेचा प्रत्येक पृष्ठभाग आपल्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे ४ टक्के परत फेकतो. वातानुकूलित डब्याच्या खिडकीला दुहेरी काच, म्हणजे चार पृष्ठभाग. परत येणारा उजेड जवळजवळ १५ टक्के. दिवसा बाहेर लख्ख ऊन असल्याने हे जाणवत नाही. रात्री मात्र डब्यात दिवे आणि फलाटावर मंद उजेड, त्यामुळे काचेचा आरसा होतो.

तेव्हा सुधारायचे ते काचेच्या अलीकडचे. फ्लॅश बंद करा, डोक्यावरचा दिवा मालवा. सगळ्या डब्याचे दिवे काही आपल्या हातात नसतात. म्हणून गडद ओढणी किंवा शाल डोक्यावरून खिडकीपर्यंत ओढून घ्या आणि लेन्स काचेला अगदी चिकटवा. शेजारचे प्रवासी हसतील, हसू द्या. आजी फोटोत येईल.

धावत्या गाडीतली गोष्ट थोडी वेगळी. मुंबईहून आणि कोलकात्याहून येणारे लोहमार्ग १८७० साली जबलपूरला जोडले गेले. या मार्गाने मुंबईकडे निघाले की आधी नर्मदेचा पूल आणि शेवटी इगतपुरी-कसारा घाट लागतो. पावसाळ्यात तिथे फोटोचा मोह कोणाला आवरणार? इथे लेन्स काचेला टेकवू नका, कारण काचेची थरथर फोटोत उतरते. बोटभर अंतर ठेवून ती फट तळहाताने झाका. काचेवर थेंब असले की कॅमेरा थेंबांवरच नजर लावून बसतो. मोबाइलच्या पडद्यावर दूरच्या डोंगरावर बोट दाबून धरा. जुन्या कॅमेऱ्यांवर यासाठीच डोंगराचे चिन्ह असे. रुळांलगतचे खांब आणि झाडे फरफटतातच, म्हणून नजर दूरवर ठेवावी. आतले बोटांचे आणि तेलकट डोक्यांचे डाग रुमालाने पुसता येतात, बाहेरची धूळ नाही. पण ती ऊन पडल्यावरच चमकते, तेव्हा सावलीच्या बाजूची खिडकी बरी. काच नकोच म्हणून दारात लोंबकळून फोटो काढणे हा मात्र शुद्ध वेडेपणा.

घरच्या खिडकीवर उन्हासाठी रंगीत फिल्म लावलेली असेल तर फोटोत आभाळही तपकिरी येते. तिथे सरळ तावदान सरकवावे. पाऊस आत आला तर येऊ द्यावा. तावदान उघडणारे नसेल तर गडद कपडे घालावेत, पांढरा सदरा काचेत हटकून दिसतो. मोठा कॅमेरा असणारे पोलरायझर फिल्टर वापरतात, पण काचेसमोर सरळ उभे राहिल्यास त्याचा उपयोग नाही. बरेच तिरपे, साधारण ५५ अंशांच्या कोनात उभे राहावे लागते. शिवाय गाडीच्या टफन्ड काचेवर त्याने चट्टे उमटतात, म्हणून प्रवासात तो पेटीतच राहू द्यावा.

जाड काचेचे तंत्र उलटे. भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१७ पासून पेंग्विन काचेआड पाहता येतात. मुले तिरकी उभी राहून फोटो काढतात आणि पेंग्विन पसरट, धूसर येतो. जाड काच तिरप्या नजरेला चित्र वाकडे करते. तिथे अगदी समोर, काचेला लागून उभे राहावे, पेंग्विन पोहत जवळ येईपर्यंत थांबावे आणि फ्लॅश बंदच ठेवावा. तो काचेवर उमटतोच, वर त्या मुक्या जिवालाही त्रास.