फोटो जमवा, पण आधी घरातली माणसे बघा

14 एप्रिल जवळ आली की आपल्या वस्तीत रंगाचे डबे, सिमेंटच्या गोण्या आणि लादीचे खोके दिसायला लागतात. कुणी मोरी नवी करतो, कुणी पोटमाळा टाकतो, कुणी पत्रा बदलतो. पैसा बचतगटाचा असतो, भिशीचा असतो, कधी कधी घरातले सोने गहाण पडलेले असते. एवढ्या कष्टाच्या पैशाचे काय करायचे हे मात्र बहुतेक घरांत आठ दिवसांत ठरते. तेही मोबाईलवर पाहून. थोरला मुलगा रील दाखवतो, "असे छत करू, अशी लाईट लावू," आणि घरातली बाई मान हलवते. तिला कुणी विचारलेलेच नसते.

छान घर हवेसे वाटण्यात गैर काही नाही. आपल्या आजी-आजोबांना गावकुसाबाहेर जशी मिळेल तशी जागा घ्यावी लागली. नातवाला भिंतीवर चांगला रंग हवा असेल तर त्याला नावे ठेवणारे आम्ही कोण? आमचे म्हणणे वेगळे आहे. रीलमधल्या घराला तिन्ही-चारी बाजूंनी खिडक्या असतात. आपल्या दहा बाय बाराच्या घराला एक दार आणि नशीब असेल तर एक खिडकी. तिथली युक्ती इथे आणली की ती अंगावर येते.

पीओपीच्या छताचेच घ्या. पत्र्याखाली छत लावले तर उन्हाचा चटका थोडा कमी होतो, हे खरे. पण भिंत आणि पत्रा यांच्यामधली फट बुजते. गरम हवा त्या फटीतूनच बाहेर जात असते. उंची कमी होते आणि वर उंदरांना मोकळी जागा मिळते. दुसरे, टीव्हीचे मोठे कपाट. आमच्या फिरतीतल्या एका घरात या कपाटासाठी खिडकीच बुजवली होती. पुढे त्या घरातल्या मुलाला क्षयरोग निघाला. खिडकी बुजवली म्हणूनच झाला, असे आम्ही म्हणणार नाही. पण खोकल्यातून हवेत आलेले जंतू कोंडलेल्या खोलीत तासन्तास राहतात, आणि त्या खोलीत सहा जण झोपत होते. गोळ्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात मिस्त्री बोलावून ते कपाट काढायला लावले. नवे कपाट होते. हप्ते अजून फिटायचे होते.

आपल्या देशाच्या राष्ट्रीय इमारत संहितेत लिहिले आहे की दमट, उष्ण हवेच्या भागात राहत्या खोलीला दार सोडून जमिनीच्या किमान सहाव्या हिश्शाइतकी खिडकी-झरोक्याची जागा असावी. दहा बाय बारा म्हणजे 120 चौरस फूट, त्याचा सहावा हिस्सा 20 चौरस फूट. आपल्या किती घरांत एवढी उघडी जागा निघेल? आहे ती बुजवू नका, एवढे तरी आपल्या हातात आहे.

घर आणि आजार यांचे नाते मुंबईने जुन्या काळापासून पाहिले आहे. 1896 साली प्लेग आला, त्यानंतर 1898 मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि हवा-उजेड मिळावा या हेतूने त्याने चाळी बांधल्या. त्यांतल्याच परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांचा संसार दोन छोट्या खोल्यांत अनेक वर्षे झाला. पुढे दादरला राजगृह बांधले ते पुस्तकांची गरज डोळ्यांपुढे ठेवून. या घरात कोण राहणार आहे, त्याला काय लागते, हा प्रश्न तिथे आधी होता.

आपण तोच प्रश्न वहीत लिहायचा. एक शंभर पानी वही घ्या. सगळे "स्वयंपाकघर, मोरी, खोली" अशी पाने पाडतात. आमचा आग्रह असा की पाने माणसांच्या नावाने पाडा. आजीचे एक पान, आईचे एक, शाळकरी पोराचे एक. आधी त्या माणसाचा त्रास लिहा, त्याखाली युक्ती. आजीच्या पानावर येईल : रात्री मोरीत उतरताना उंबरा लागतो, धरायला काही नाही. मग तिथे युक्ती सुचते ती भिंतीत बसवलेल्या दांडीची, आणि ती दांडी पीओपीच्या मानाने स्वस्तात होते. आईच्या पानावर ओट्याची उंची येईल. ओटा तिच्या कोपराच्या चार-सहा इंच खाली हवा. मिस्त्री सगळीकडे एकाच मापाचा ओटा बांधतो आणि बुटकी बाई वीस वर्षे खांदे वर करून पोळ्या लाटते. आमच्याकडे खांदा-मान दुखते म्हणून येणाऱ्या बायकांना आम्ही आता ओट्याचे माप विचारतो.

वही भरायची तर घर तीन वेळा पाहावे लागते. सकाळी, दुपारी दोनला आणि रात्री सगळ्यांची अंथरुणे पडल्यावर. रात्रीचे पाहणे कुणी करत नाही. कुणाचे डोके गॅसपाशी येते, उठणाऱ्याला कुणाच्या अंगावरून जावे लागते, पंख्याचा वारा कुणापर्यंत पोहोचत नाही, हे तेव्हाच दिसते. आणि पावसाळा सोडू नका. जुलैत भिंतीवर ओल येते तेव्हा तिच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख घाला. मिस्त्री येतो उन्हाळ्यात. तेव्हा भिंत कोरडी असते, तो वरून पुट्टी मारून देतो आणि पुढच्या पावसात रंगासकट सगळे सुटते. दम्याचे पोर त्याच भिंतीला पाठ लावून झोपलेले असते. रेघ असेल तर पाणी वरच्या पत्र्यातून येते की खालच्या गटारातून, हे त्याला दाखवता येते.

मोबाईलमधले फोटो फेकायचे नाहीत. पण दोनशे फोटो इकडे तिकडे पडले तर काही कामाचे नाहीत. गॅलरीत "घर" नावाचा एक वेगळा अल्बम करा. वहीतल्या एखाद्या त्रासाला लागू पडतो तेवढाच फोटो त्यात ठेवा, बाकीचे पुसा. पसंत पडलेल्या प्रत्येक वस्तूचे माप टेपने घ्या आणि खडूने तेवढी चौकट जमिनीवर आखा. दोन दिवस त्या रेघेला पाय न लावता घरात वावरून पाहा. अर्धी कपाटे तिथेच रद्द होतात.

आणि फोटोंपेक्षा मोठा साठा आपल्या गल्लीत आहे. आपल्यातलेच लादीवाले, रंगारी, प्लंबर, वायरमन रोज दुसऱ्यांची घरे बांधून येतात. कुठला माल टिकतो, कुठला दोन वर्षांत उखडतो, हे त्यांना कुठल्याही दुकानदारापेक्षा जास्त ठाऊक असते. त्यांना चहाला बोलवा आणि वही पुढे करा. शेजारणीकडेही जा. कुणी पत्र्यात एक पारदर्शक पत्रा बसवून दिवसाची लाईट वाचवलेली असते, कुणी दारावर जाळीचा झरोका काढलेला असतो, कुणी पत्र्याला पांढरा चुना मारून दुपार सुसह्य केलेली असते. विचारा : खर्च किती आला? परत केले तर काय वेगळे कराल? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

काही गोष्टी मात्र आवडी-निवडीच्या नाहीत. गॅसचा गिझर बंद मोरीत बसवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही, आणि माणूस आत बेशुद्ध पडतो. सिलिंडरच्या जागेला खाली, जमिनीलगत जाळी ठेवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो. पाण्याची टाकी अशा जागी हवी की आठवड्यातून एकदा रिकामी करून घासता येईल, नाहीतर डेंग्यूच्या डासांना आपणच पाळणाघर काढून दिले. सिमेंटच्या जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. तो घरात कापू नका, त्याची धूळ फुप्फुसात जाते.

"उद्या वस्ती पुनर्विकासात गेली तर?" हा प्रश्न दर बैठकीत येतो आणि तो रास्त आहे. म्हणून वहीत प्रत्येक युक्तीपुढे एक खूण करा : सोबत नेता येते की नाही. एक्झॉस्ट पंखा, दांडी, घडीचे टेबल, शॉकपासून वाचवणारा स्विच हे सगळे नव्या घरी जाते. छताचे पीओपी जात नाही.

लादी घ्यायला जाताना पाण्याची बाटली सोबत न्या. मोरीसाठी दाखवलेल्या लादीवर दुकानातच पाणी ओता, वर साबण चोळा, चप्पल काढून पाय घासून पाहा. दुकानदार हसेल. घरातल्या म्हातारीलाही सोबत नेले असेल तर तिलाच उभे करून विचारा, पाय धरतो का.