बत्तीस की बावीस?

आमच्या पुतण्याला शस्त्राचा परवाना मिळाला. उमरीत त्याचा कापसाचा व्यवहार आहे आणि हंगामात रोकड घेऊन रात्री-अपरात्री ये-जा करावी लागते. आता घरात एकच चर्चा सुरू आहे, कोणतं रिव्हॉल्व्हर घ्यायचं? कुणी म्हणतं बावीस बोअर, हलकं आहे. कुणी म्हणतं बत्तीस घे, बावीसनं चिमणीसुद्धा मरत नाही. मुंबईच्या भाच्यानं इंटरनेटवरून अमेरिकेतले कसले कसले तक्ते पाठवले. पुतण्याचा मला फोन आला, "काका, तुम्ही एनसीसी सांभाळली, तुम्हीच सांगा." फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. मतं माझी आहेत. पटली तर घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे अमेरिकेतले तक्ते आपल्या कामाचे नाहीत. तिथला माणूस अडतीस स्पेशल, नऊ एमएम, मॅग्नम यांची तुलना करत बसतो, कारण त्याला सगळं मिळतं. आपल्याकडे कायद्यानं ही निवड आधीच करून ठेवली आहे. इंग्रजांच्या काळात लष्कर आणि पोलीस जी काडतुसं वापरत ती सामान्य माणसाच्या हाती पडू नयेत असं धोरण होतं. रिव्हॉल्व्हरमध्ये अडतीस आणि चारशे पंचावन्न, रायफलीत थ्री नॉट थ्री. तीच विभागणी १९५९ च्या शस्त्र कायद्यातही आली आणि अडतीस, नऊ एमएम वगैरे 'निषिद्ध बोअर' म्हणून राहिले. शेतकऱ्यांकडे ३१५ ची रायफल आणि व्यापाऱ्याच्या कमरेला बत्तीसचं रिव्हॉल्व्हर दिसतं त्याचं कारण हेच आहे. त्यात परदेशी शस्त्रांच्या खासगी आयातीवर १९८० च्या दशकापासून बंधनं आहेत. म्हणून जुन्या परदेशी रिव्हॉल्व्हरला लोक लाखांनी पैसे मोजतात. माझ्या मते ती निव्वळ हौस आहे.

म्हणजे उरले दोनच, बावीस आणि बत्तीस.

बावीसची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास भरते. धक्का जवळजवळ नाही, आवाज कमी, काडतूस स्वस्त. शिकायला यासारखं दुसरं काही नाही. एनसीसीच्या शिबिरांत आमची मुलंमुली बावीसच्या रायफलीवरच शिकली. पण याच शिबिरांत मी एक गोष्ट वारंवार पाहिली. चाप ओढला की नुसतं 'टक्' वाजायचं, गोळी सुटायचीच नाही. बावीसच्या काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. तो सगळीकडे सारखा पसरला नसेल तर काडतूस फुसकं निघतं. बत्तीसच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध वेगळी टोपी असते, त्यामुळे ते जास्त भरवशाचं. शिबिरात फुसकं काडतूस निघालं की हात वर करायचा, उस्ताद यायचे. रस्त्यात अडवणारा तेवढा वेळ देणार नाही. इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं 'निडर' बावीसचं आहे आणि वजनाला फक्त पाव किलो. बायका आणि म्हातारी माणसं ते घेतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही. थरथरत्या हातातल्या बत्तीसपेक्षा स्थिर हातातलं बावीस केव्हाही बरं. पण पुतण्याचं मनगट पैलवानाचं आहे. त्यानं बत्तीसच घ्यावं.

आता हे 'बत्तीस' म्हणजे नेमकं काय, तेही नीट समजून घ्यायला हवं. रिव्हॉल्व्हरचं बत्तीस म्हणजे १८९६ साली अमेरिकेत निघालेलं 'स्मिथ अँड वेसन लाँग'. साधारण साडेसहा ग्रॅमची गोळी सेकंदाला दोनशे मीटरच्या थोडी वर जाते. नऊ एमएमच्या गोळीत याच्या तिप्पट जोर असतो. जगाच्या हिशोबानं हे काडतूस मवाळच. पिस्तुलाचंही एक 'बत्तीस' असतं, पण त्याचं काडतूस वेगळं, आखूड, बुडाला जवळजवळ कंगोरा नसलेलं. परवान्यावर आणि दुकानाच्या पावतीवर नुसतं बत्तीस लिहिलेलं असलं, तरी पेटी हातात घेऊन रिव्हॉल्व्हरचंच आहे ना ते पाहावं. औषधाच्या दुकानात आपण नाव वाचून घेतो, तसंच.

बत्तीसची काडतुसं आपल्या पुण्याजवळ खडकीला होतात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. आपल्या नेहमीच्या काडतुसाची गोळी शिशाची आणि पुढून गोल. काही ठिकाणी चपट्या नाकाची बत्तीसही मिळते. ती नेमबाजीच्या स्पर्धेसाठी असते, कागदावर स्वच्छ गोल भोक पाडते, पण वेगानं आणखी मवाळ. ती जवळ बाळगू नये. साधी, गोल नाकाची, नवीन पेटीतली काडतुसं घ्यावीत. चामड्याच्या पट्ट्यात ती महिनोन् महिने खोचून ठेवू नयेत, पितळेच्या भांड्यासारखी कळकतात. आपल्याकडचा उन्हाळा आणि त्यानंतरची पावसाळी दमट हवा, दोन्ही काडतुसाला वाईट. दरवर्षी जुनी काडतुसं सरावात संपवावीत आणि नवी भरावीत. परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते. कंजूषपणा करून ती सगळी कपाटात साठवणारे पुष्कळ पाहिले आहेत. सराव न केलेला माणूस आणि दहा वर्षं जुनं काडतूस, ही जोडी सर्वांत धोक्याची.

रिव्हॉल्व्हर कोणतं? कानपूरचं जुनं रिव्हॉल्व्हर इंग्रजी वेब्लीच्या धर्तीचं, मधून मोडून उघडणारं. २०१४ साली टायटॅनियम मिश्रधातूचं 'निर्भीक' आलं, वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा १ लाख २२ हजार रुपये. २०२३ मध्ये बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरचं 'प्रबल' आलं, वजन सातशे ग्रॅम. लोकांना हलकं हवं असतं. माझं मत उलटं आहे. वजन जितकं कमी तितका हाताला धक्का जास्त, आणि धक्का जास्त म्हटलं की माणूस सराव टाळतो. पोलादाचं सातशे ग्रॅमचं चालेल. कमरेला जड वाटतं ते बरंच. आपण काय घेऊन हिंडतोय याची आठवण राहते.

आता मुख्य मुद्दा. घरातल्या चर्चेत प्रत्येक जण विचारतो, "बत्तीसनं माणूस थांबतो का?" मंडळी, हा प्रश्न मराठवाड्यानं तरी विचारू नये. २२ एप्रिल २००६ ला प्रमोद महाजनांवर त्यांच्या सख्ख्या भावानं गोळ्या झाडल्या. ते पिस्तूल बत्तीसचंच होतं, आणि परवान्याचं. ३ मे रोजी महाजन गेले. स्वसंरक्षणासाठी घेतलेलं शस्त्र सख्ख्या भावावर चाललं. काडतूस मवाळ असेल, पण दोन हातांच्या अंतरावर, घरातल्या रागात, ते कमी पडत नाही. घरात शस्त्र आणायचं तर चोराच्या आधी आपल्या घरातल्या रागाचा आणि दारूचा विचार करायला हवा.

दुसरं उदाहरण नांदेडचं. ५ एप्रिल २०२२ ला बांधकाम व्यावसायिक संजय बियाणी यांना दुचाकीवरून आलेल्या दोघांनी त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घातल्या. दबा धरून आलेल्यांपुढे कमरेचं रिव्हॉल्व्हर बाहेर काढायलाही अवधी मिळत नाही. मग बोअर बावीस असो, बत्तीस असो की अडतीस. म्हणून रोकड कमी बाळगणं, बँकेतून व्यवहार करणं, रोज एकाच वाटेनं एकाच वेळी न जाणं, बरोबर माणूस असणं, याला मी रिव्हॉल्व्हरपेक्षा जास्त गुण देईन.

तिसरं बीडचं. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला, तो मारहाणीनं, गोळीनं नव्हे. पण त्यानंतर जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची चर्चा सुरू झाली, हवेत बार काढणाऱ्यांच्या चित्रफिती लोकांनी पाहिल्या, परवान्यांची फेरतपासणी झाली, काही रद्दही झाले. आपल्याकडे रिव्हॉल्व्हर दाखवण्याची वस्तू झाली आहे, पांढऱ्या गाडीसारखी. लग्नात हवेत गोळी झाडली तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे. तरी हौस फिटत नाही. हवेत गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच.

उमरीच्या माणसाला शस्त्राचं वावडं नाही. ३० जानेवारी १९४८ ला हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी आमच्या गावची बँक हत्यारांच्या बळावर ताब्यात घेतली आणि निजामाविरुद्धच्या लढ्यासाठी लाखोंची रक्कम नेली. त्या पैशाचा चोख हिशोब ठेवला गेला हे आमच्याकडे आजही अभिमानानं सांगतात. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत एका बेरेटा पिस्तुलातून तीन गोळ्या सुटल्या आणि गांधीजी गेले. एकाच दिवशी दोन ठिकाणी शस्त्रं निघाली. त्यांची बोअर कोणती होती यावरून आपण त्या दोन घटनांचं मोल ठरवत नाही.

तेव्हा पुतण्याला माझा सल्ला असा. बत्तीस घे, पोलादी घे, खडकीची ताजी काडतुसं घे. २०१६ च्या नियमांत शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण सांगितलं आहे, ते कागदापुरतं उरकू नकोस. घरी कुलपात ठेव, काडतुसं वेगळ्या कुलपात. कुणाला दाखवू नकोस. बचावापुरतंच बळ वापरायची मुभा कायदा देतो, पैसे वसूल करायची किंवा भांडण जिंकायची नाही. आणि रिव्हॉल्व्हर कमरेला असेल त्या दिवशी कितीही आग्रह झाला तरी पेल्याला हात लावू नकोस. एवढं पाळायला जमणार नसेल, तर परवाना जिल्हाधिकारी कचेरीत परत देऊन ये. त्यात कसलाही कमीपणा नाही.

असो. ज्यांच्या घरात शस्त्र आहे अशा वाचकांनी आपलं मत जरूर कळवावं. विशेषतः घरातल्या बायकांना याविषयी काय वाटतं ते मला ऐकायचं आहे. त्यांना कुणी विचारत नाही.