गाण्याची तीन नावं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त एका पेनड्राइव्हचं.

झालं असं, की दिवाळीला लेकाने घरातल्या सगळ्या कॅसेटमधली गाणी पेनड्राइव्हवर भरून आणली. २१२ गाणी, बोटाएवढ्या वस्तूत! टू-इन-वन बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती, त्यामुळे आनंद झालाच. पण लावून बघते तर टीव्हीच्या पडद्यावर नुसतं ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’... "अरे, डब्यांतली कार्डं कुठे आहेत?" विचारलं, तर ती कॅसेटबरोबरच रद्दीत गेली होती. (हे वाचून लगेच फोन करू नकोस रे, रागावले नाहीये.)

त्या कार्डांवर ह्यांचं अक्षर होतं. रात्री रेडिओवर ‘आपली आवड’ लागायच्या आधी हे ९० मिनिटांची कोरी कॅसेट घालून तयार. एक बोट बटणावर, दुसऱ्या हातात पेन्सिल. निवेदक गीत, संगीत, स्वर सांगेल तेवढ्यात तिन्ही नावं टिपायची. एखादं निसटलं की मला हाक, "अगं, संगीत कोणाचं म्हणाले?" जसं काही मी स्वयंपाकघरात वही घेऊनच बसले होते!

तेव्हा मी हसायचे. आता मात्र वाटतं, ह्यांचंच बरोबर होतं. नातवाला विचारलं, ‘शुक्रतारा’ कोणाचं? म्हणाला, अरुण दातेंचं. खरंच आहे ते, पण पाडगावकरांचंही आहे, खळ्यांचंही आहे, आणि सोबत गाणाऱ्या सुधा मल्होत्रांचंही. त्याच्या फोनवर गायकाचं नाव दिसतं, कवीचं शोधावं लागतं. "आजी, गाणं छान आहे ना? मग झालं की!"

नाही झालं बाबा.

माझी पहिली नोकरी खेड्यातली. शाळेच्या मागेच लोहाराचं दुकान होतं आणि मुलं सुट्टीत ‘साधी माणसं’मधलं ऐरणीचं गाणं म्हणायची. सिनेमा १९६५चा, गाणं लताबाईंचं, एवढंच मला ठाऊक. संगीतकार ‘आनंदघन’ म्हणजे लताबाईच, हे ह्यांनी सांगितलं. आणि गीत जगदीश खेबुडकरांचं. खेबुडकर शाळामास्तर होते हे कळलं त्या दिवशी मला माझ्या फळ्या-खडूचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! नाव कळलं नसतं तर हे कसं कळणार?

नावांची गंमतही असते. ह्यांच्या कार्डांवर काही गाण्यांपुढे ‘वसंत अवसरे’ असं लिहिलेलं होतं. हे वसंतराव कोण, कुठले, यावर आमची बरीच चर्चा झाली. पुढे केव्हातरी उलगडा झाला, की त्या शांताबाई शेळके! ज्यांच्या कविता मी वर्गात शिकवत होते त्याच बाई इतकी वर्षं माझ्या घरात दुसऱ्या नावाने नांदत होत्या. हे पोट धरून हसले होते.

गाणाऱ्यांवरही अन्याय झालाच आहे. १९४९च्या ‘महल’मधल्या लताबाईंच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर नाव होतं ते सिनेमातल्या पात्राचं, ‘कामिनी’. पुढे गायकांची नावं आली. आणि आता उलटंच होऊन बसलंय, गायक तेवढा उरला आणि लिहिणारा मागे पडला. २०१२ साली कॉपीराइटचा कायदा सुधारून गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला, ते चांगलंच झालं. पण घरात गाणं लावताना नाव घेणं काही कायद्याने होणारं नाही.

आता कोणी म्हणेल, ओव्यांना कुठे असतं नाव? माझी आई जात्यावर म्हणायची त्या कोणी रचल्या? कबूल. त्या ज्या बाईने रचल्या तिचं नाव कोणी विचारलंच नाही, म्हणून ते गेलं. पण जे छापलं गेलंय, रेडिओवर सांगितलं गेलंय, तेही आपण हातचं घालवायचं?

असो. तर सध्या माझा उद्योग असा : लेकाने फाइलचं नाव कसं बदलायचं ते शिकवलंय. रोज दुपारी चार-पाच गाणी ऐकायची आणि आठवेल तसं टंकत जायचं. आधी कवी, मग संगीतकार, मग गायक. मराठी टायपिंग एका बोटाने, त्यामुळे शेजारची गोगलगायही पुढे जाईल. आत्तापर्यंत ८३ झाली.

‘ट्रॅक ८४’पाशी तीन दिवस अडले आहे. गीत आठवतंय, गाणाऱ्या बाई आठवताहेत. संगीत कोणाचं, ते काही केल्या आठवत नाही, आणि विचारायला आता हे नाहीत. तेवढी जागा मोकळी ठेवली आहे.