जात कुठल्या रकान्यात?

दोस्तहो, खैरलांजी विसरलात? २९ सप्टेंबर २००६. भोतमांगेंच्या घरातली चार माणसं जमावानं मारली. त्यात माय अन् पोरगी. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी दिली, पण विनयभंग सिद्ध नाही, अ‍ॅट्रॉसिटीही नाही! २०१० साली हायकोर्टानं फाशीची २५ वर्षं केली. जात तिथंही गायब.

कायदाच म्हणत होता, ‘जातीच्या कारणावरून’ केलं हे दाखवा. मारणारा काय कारण लिहून देतो? २०१५च्या दुरुस्तीनं ‘जात ठाऊक असून’ एवढं पुरे धरलं. तोवर नऊ वर्षं गेली.

अन् परिसंवादवाले अजून नुसतं ‘महिलांवरील अत्याचार’ म्हणतात. कुठल्या महिला, साहेब? आधी तो रकाना भरा. मग तुमचा अहवाल वस्तीत आणा, आमच्या आयाबहिणींसमोर वाचा.