गोटमारीचा फोटो आणि कॅमेऱ्याचं माप

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात दगड उडतात. एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, आणि मधोमध पाण्यात रोवलेलं पळसाचं झाड, त्यावर झेंडा. तो झेंडा पांढुर्णेकरांनी काढून न्यायचा आणि सावरगावकरांनी काढू द्यायचा नाही. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जाताना नदीत अडकली, अशी त्यामागची आख्यायिका सांगतात. दरवर्षी शेकड्यांनी माणसं जखमी होतात, मृत्यूही झाले आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, गोफणीवर बंदी घातली, पण गोटमार काही थांबत नाही.

आपल्याकडे बैलांचा सण म्हणजे बेंदूर, कारहुण्णिवी. मण्णेत्तिन अमावास्येला आपण मातीचे बैल पुजतो, तिकडे तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात. सण तोच, फक्त महिना वेगळा. आणखी एक नातं आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, कारवार म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी नागपूर मुंबई राज्यात आले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. पांढुर्णा-सौसरची मराठी माणसं तेव्हापासून आपल्यासारखीच दोन भाषांत संसार करतात, त्यांची दुसरी भाषा हिंदी एवढाच फरक. २०२३ मध्ये हे दोन तालुके मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. असो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे एका वाचक भगिनींचं पत्र. त्यांची लेक सौसरला दिली आहे. जावई संत्र्याची बाग सांभाळून लग्नाचे फोटो काढतात आणि दरवर्षी गोटमारीलाही कॅमेरा घेऊन जातात. यंदा बागेचे पैसे हाती आल्यावर 'फुल-फ्रेम' घ्यायचा, असं त्यांच्या मनात आहे. आताचा क्रॉप-सेन्सरचा. बाई विचारतात, "एवढे लाखाच्या पुढे पैसे घालून फोटोत फरक तरी पडतो का? जावईबापूंना आम्ही कसं विचारणार?" त्यांनी विचारू नये हेच बरं. म्हणून इथेच लिहितो.

आधी 'फुल' म्हणजे काय ते पाहू. कॅमेऱ्यात पूर्वी जिथे फिल्म असायची, तिथे आता सेन्सर असतो. ३६ बाय २४ मिलिमीटरचा असेल तर तो फुल-फ्रेम. हे माप काही आकाशातून पडलेलं नाही. जर्मनीतल्या ऑस्कर बार्नाकने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी धरून सिनेमाच्या दोन चौकटींएवढं एक चित्र घेतलं, आणि १९२५ मध्ये त्यावरचा लायका बाजारात आला. त्या काळच्या स्टुडिओवाल्यांना हे माप अगदीच चिमुकलं वाटे. आज त्यालाच आपण 'पूर्ण' म्हणतो! क्रॉप-सेन्सरचं एपीएस-सी हे नावसुद्धा १९९६ साली आलेल्या एका फिल्मच्या प्रकारावरून पडलं. त्याचं माप साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, कॅननचं थोडं कमी. डिजिटलच्या सुरुवातीला मोठा सेन्सर बनवणं फार महाग पडे, म्हणून निकॉनचा १९९९ चा डी-१ याच लहान मापाचा होता. कॅननचा ५-डी २००५ मध्ये आला, तेव्हा कुठे फुल-फ्रेम थोडाफार आवाक्यात आला.

सौसरवरून २०१५ पर्यंत नागपूर-छिंदवाड्याची छोटी रेल्वे धावायची. तिचे रूळ अरुंद होते म्हणून कुणी तिला 'कापलेली गाडी' म्हटलं नाही. क्रॉप या शब्दाने मात्र बिचाऱ्या कॅमेऱ्याची उगाच बदनामी झाली आहे.

आता नदीकाठी येऊ. समजा जावईबापू पात्रापासून ६० मीटरवर एखाद्या गच्चीत उभे आहेत, हातात २०० मिलिमीटरची लेन्स. क्रॉप कॅमेऱ्यात त्यांना साधारण ७ मीटर रुंदीचं दृश्य मिळेल: झाड, झेंडा आणि भोवतीची पाच-सात माणसं. तीच लेन्स फुल-फ्रेमला लावली तर जवळजवळ ११ मीटर रुंदी येईल, माणसं लहान दिसतील. तेच ७ मीटरचं चित्र हवं असेल तर त्यांना ३९ मीटरपर्यंत पुढे जावं लागेल. म्हणजे दगडांच्या दिशेने २१ मीटर. लेकीच्या आईने लक्षात ठेवायचा आकडा हा आहे.

इथे दुकानदार एक अर्धवट गोष्ट सांगतात, 'क्रॉपमध्ये लेन्स दीडपट होते'. लेन्स तेवढीच राहते, फक्त चित्राच्या कडा कापल्या जातात. फायदा होतो तो पिक्सेल दाट असल्यामुळे. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेमचं चित्र क्रॉपएवढं कापलं तर हाती १० मेगापिक्सेलच्या आसपास उरतं, आणि क्रॉप कॅमेऱ्यात त्याच जागी पूर्ण २४ असतात. ४५ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम घेतला तर कापूनही १९ उरतात, पण त्याची किंमत ऐकून संत्र्याची बागही दचकेल. पेंचच्या जंगलात वाघ-पक्षी टिपणारे अनेक जण आजही क्रॉप वापरतात ते याच हिशेबाने.

उडता दगड थिजवायला शटर एक हजारांश सेकंद तरी हवं. सेकंदाला १५ मीटर वेगाने आलेला दगड तेवढ्यात दीड सेंटिमीटरच सरकतो, अडीचशांशला मात्र सहा सेंटिमीटर. पण भाद्रपदाचं आभाळ झाकोळलेलं असतं, एवढं वेगवान शटर म्हणजे प्रकाश कमी, मग आयएसओ वाढवायचा आणि चित्रात दाणे यायचे. हीच अडचण लग्नाच्या मांडवात संध्याकाळी येते. फुल-फ्रेमची खरी थोरवी इथे. त्याचं क्षेत्रफळ सुमारे २.३ पट, म्हणून तो तितका जास्त प्रकाश गोळा करतो. एकाच काळातले दोन सेन्सर घेतले, तर क्रॉपवर ३२०० आयएसओला जेवढे दाणे दिसतात, तेवढे फुल-फ्रेमवर ७५०० च्या आसपास दिसतील. वधूच्या चेहऱ्यामागची गर्दी धूसर करणंही त्याला सोपं जातं.

पण लेन्सचा हिशेबही मांडून पाहा. कॅमेऱ्यासोबत फुकट मिळते ती लेन्स पुढे झूम केली की एफ ५.६ वर येते. त्याऐवजी ५० मिलिमीटरची एफ १.८ ची लेन्स लावली तर जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. सेन्सर बदलून २.३ पट, साध्या लेन्सने दहापट! आणि ही लेन्स सगळ्यात स्वस्त लेन्सांपैकी एक. तिला झूम नाही, पुढेमागे आपण चालायचं, एवढाच त्रास. क्रॉपवर ती ७५ मिलिमीटरसारखी वागते, म्हणजे चेहऱ्याच्या फोटोला उत्तमच.

कानडीत म्हणतात, हासिगे इद्दष्टु कालु चाचु. आपलंच अंथरूण आणि पाय. फुल-फ्रेमचं अंथरूण बॉडीपुरतं नसतं. क्रॉपसाठी घेतलेल्या लेन्सा त्याच्यावर पुरत्या चालत नाहीत. कॅननची ईएफ-एस लेन्स फुल-फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही. निकॉनची डीएक्स बसते, पण मधल्या भागापुरतं चित्र देते. आजच्या मिररलेसमध्येही कॅमेरा अशी लेन्स ओळखून चित्र आपोआप कापून घेतो. मग जास्तीचे पैसे कशाला दिले? चांगली ७०-२०० एफ २.८ घ्यायची तर बॉडीइतका किंवा त्याहून अधिक खर्च वेगळा. जुने फुल-फ्रेम डीएसएलआर वापरलेले स्वस्तात मिळतात खरे, पण शटर किती वेळा उडालं आहे ते विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

माझं मत विचाराल तर गोटमार आणि बाग सांभाळणाऱ्या माणसाने आधी ७०-२०० घ्यावी, तीही फुल-फ्रेमला चालणारी, आणि ती आहे त्याच क्रॉपवर लावावी. मांडवासाठी ५० ची लेन्स. पुढे लग्नाची कामं वाढली, ग्राहक मोठे अल्बम मागू लागले, तर फुल-फ्रेम बॉडी घ्यावी. लेन्सा तयारच असतील. ज्याचं पोट पूर्णपणे लग्नांवर आहे, त्याला मात्र मी उलट सांगेन, पहिल्या संधीला फुल-फ्रेम घ्या.

लांबच्या लेन्सने डोकं फुटलेल्या माणसाचा चेहरा अगदी जवळ आणता येतो, म्हणून तो आणलाच पाहिजे असं नाही. त्याच्या घरी तो फोटो पेपरात दिसण्याआधी निरोप पोचलेला नसतो. झाड, झेंडा, काठावरच्या बायकांचे चेहरे, दगड वेचणारे हात, यांतही गोटमार पुरती दिसते.

आणि जाताना कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी न्यावी, पावसाचा नेम नाही. पिशवीच्या तळाला लेन्सएवढं भोक पाडून रबर बँड लावला की काम भागतं. लेन्स बदलायची असेल तर गच्चीवर नको, घरातून लावूनच निघावं.