चूक त्याची, भरपाई माझी

गेल्या नोव्हेंबरात माझ्या गाडीने एका बारा वर्षांच्या मुलाच्या सायकलला धडक दिली. हे वाक्य असं सरळ लिहायला मला आठ महिने लागले. इतके दिवस मी ते उलटं सांगत होतो: एक मुलगा सायकल घेऊन माझ्या गाडीवर येऊन आदळला.

दोन्ही वाक्यं खरी आहेत, हीच तर गंमत आहे.

मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहतो. संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे नोव्हेंबरात इथे चक्क अंधार, वर भुरभुर पाऊस. रस्त्यावर मर्यादा ५०ची, माझा वेग तीस-पस्तीस. डावीकडच्या गल्लीतून हा मुलगा सुसाट आला. गल्लीच्या तोंडाशी रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले होते. इथे त्यांना 'शार्कचे दात' म्हणतात. ज्याच्याकडे दातांची टोकं, त्याने थांबायचं. टोकं त्याच्याकडे होती. तो थांबला नाही. सायकलला दिवाही नव्हता. मी करकचून ब्रेक दाबला, तरी बंपर त्याच्या मागच्या चाकाला लागला आणि तो डाव्या हातावर पडला. मनगट मोडलं. डोक्याला लागलं नाही हे नशीब, कारण हेल्मेट नव्हतं. साध्या सायकलीवर इथे कोणी घालत नाही, सक्तीही नाही.

गाडीतून उतरल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "तुला ते दात दिसले नाहीत का?" रस्त्यात हात धरून रडणाऱ्या पोराला मी हे विचारलं. एक वाटसरू बाई माझ्याकडे न बघता पुढे झाली आणि तिने आपला कोट काढून त्याच्या अंगावर घातला.

पोलीस आले, मला नळीत फुंकायला लावलं, फोटो काढले. दहा मिनिटांत मुलाची आई सायकलवरूनच आली. आधी तिने त्याला पाहिलं, मग दिव्यावरून चांगलंच झापलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्या विम्याचे तपशील द्याल का?" मी मनात म्हटलं, बाई, आत्ताच तर तुम्ही कबूल केलंत की चूक त्याची!

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीला फोन केला. पाच मिनिटं मी त्रिकोणांचं, दिव्याचं, माझ्या वेगाचं वर्णन करत होतो. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, मुलाचं वय काय? बारा. मग त्याचं संपूर्ण नुकसान आपल्याकडे, म्हणाल्या. दुपारच्या जेवणाची वेळ सांगावी इतक्या सहज.

इथल्या १९९४च्या वाहतूक कायद्यात १८५ नावाचं कलम आहे. मोटारगाडीची धडक पायी चालणाऱ्याला किंवा सायकलस्वाराला बसली, तर नुकसानभरपाई गाडीच्या मालकाने द्यायची. सुटका हवी असेल तर आपली काडीचीही चूक नव्हती हे त्याने सिद्ध करायचं. आणि समोरच्याने चूक केली एवढं दाखवून भागत नाही. ती चूक इतकी अनपेक्षित असावी लागते की कुठल्याही चालकाने ती गृहीत धरण्याचं कारणच नव्हतं. आता सांगा, बारा वर्षांचं पोर गल्लीतून न थांबता येईल, हे अनपेक्षित आहे का? इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९०च्या सुमाराच्या निकालांत हे आणखी पक्कं केलं. मूल १४ वर्षांच्या आतलं असेल तर पूर्ण भरपाई, भले चूक त्याचीच असो. १४ आणि त्यापुढच्यांना किमान निम्मी, उरलेली कोणाची चूक किती हे पाहून. जाणूनबुजून किंवा जवळपास जाणूनबुजून केलेला अविचार असेल तरच हे संरक्षण जातं.

मी चिडलो होतो. इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. लगेच सहानुभूतीचा पाऊस. 'इथे सायकलवाले म्हणजे सरकारचे जावई', 'म्हणून तर मी गाडीच घेत नाही', 'डॅशकॅम बसव'. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आठवड्याने विमा कंपनीचं पत्र आलं. विनाअपघात वर्षांवर इथे हप्त्यात सूट मिळते आणि दावा झाला की ती वर्षं कापली जातात. मी तीच भीती धरून बसलो होतो. पत्रात लिहिलं होतं की या अपघातात तुमची चूक दिसत नाही, भरपाई केवळ कलम १८५मुळे द्यावी लागते आहे, सबब पॉलिसीनुसार तुमची वर्षं अबाधित आहेत. ते पत्र मी दोन-तीनदा वाचलं. म्हणजे माझी चूक नाही हे त्यांना मान्य होतं, मुलाच्या आईला मान्य होतं, पोलिसांनी मला दंडही केला नव्हता. तरी त्या मोडलेल्या मनगटाची जबाबदारी माझ्या गाडीची होती. दोष आणि जबाबदारी या दोन गोष्टी आहेत, हे मला बत्तीस पानी पॉलिसीतल्या एका ओळीने शिकवलं.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना सांगितलं. माझं त्रिकोणपुराण अर्ध्यावर तोडत ते म्हणाले, "ते राहू दे रे. पोराला लागलं किती?" आणि मग म्हणाले, "माझी पण चूकच होती."

ते १९९६बद्दल बोलत होते. मी तेव्हा आठ वर्षांचा. बाबा पिंपरीला एका कारखान्यात होते आणि दापोडीहून सायकलने जायचे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर दुभाजकातली फट त्यांच्या गल्लीपासून लांब होती, म्हणून शेवटचे पन्नास-साठ पावलं ते उलट्या बाजूने सायकल मारायचे. सगळेच मारायचे. एका सकाळी समोरून आलेल्या टेम्पोने उडवलं. उजव्या पायाचे दोन तुकडे.

पुढचं तुम्ही सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं आहे. गर्दी जमली, टेम्पोवाल्याला खाली ओढलं आणि बडवला. आमच्याकडे पूर्वापार चालत आलेला नियम: मोठ्या गाडीची चूक. ट्रक आणि कार असेल तर ट्रकवाल्याची, कार आणि स्कूटर असेल तर कारवाल्याची, स्कूटर आणि सायकल असेल तर स्कूटरवाल्याची. माझा काका पुढे कितीतरी वर्षं "आम्ही पण चार ठेवून दिल्या" असं अभिमानाने सांगायचा. बाबा मात्र सांगतात की ते रस्त्यावर पडल्या पडल्या ओरडत होते, "अरे मारू नका त्याला, मी राँग साइडला होतो." कोण ऐकतो?

चौकीत बरोबर उलटं झालं. तिथे सांगितलं, तुम्ही राँग साइडने होतात, केस केलीत तर तुमच्यावरच शेकेल, आपसात मिटवा. टेम्पोचा मालक स्वतः आलाच नाही. कोणाच्या तरी हाती तीन हजार रुपये पाठवले. बाबांच्या पायात रॉड घातला, सात महिने पगार नाही, आईच्या पाटल्या गेल्या त्या गेल्याच. पाय आजही अर्धा इंच आखूड आहे.

मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा या 'मोठ्या गाडीची चूक' प्रकाराची मला फार चीड होती. अडाणीपणा, झुंडशाही वगैरे. तर्काने बघा, नियम बघा, असं म्हणायचो. परदेशात आलो तेव्हा वाटलं, चला, आता नियमांच्या देशात आलो. आणि या नियमांच्या देशात कायद्याच्या पुस्तकात काय लिहिलेलं निघालं? जवळपास आमच्या नाक्यावरचाच नियम!

जवळपास म्हणतो, कारण फरक आहे आणि तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. नाक्यावरची गर्दी वजन बघून शिक्षा देते. इथला कायदा वजन बघून भरपाई ठरवतो, आणि शिक्षा, दंड, लायसन्स वगैरे मात्र ज्याने त्याने काय केलं ते बघूनच. सायकलवाल्यालाही इथे सिग्नल तोडला, दिवा नसला, हातात फोन धरला की दंड होतो. दुसरं म्हणजे, कायदा मालकाला आणि त्याच्या विम्याला धरतो. आमच्याकडे मालक घरी बसला होता आणि मार ड्रायव्हरने खाल्ला. बाबांना वजनाचा न्याय मिळायला हवा होता आणि टेम्पोवाल्याला चुकीचा. दोघांनाही नेमका दुसऱ्याचा मिळाला.

बरं, आपल्याकडे कायदा नव्हता असंही नाही. हे मला अपघातानंतर शोधाशोध करताना कळलं, आणि खरं सांगतो, रात्री झोप लागली नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात कलम १४० होतं. चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूला ५० हजार आणि कायमच्या अपंगत्वाला २५ हजार, हे १९९६ साली लागू असलेले आकडे. मागणाऱ्याची स्वतःची चूक होती म्हणून ती रक्कम नाकारता येत नव्हती. म्हणजे बाबांची राँग साइड तिथे आड आली नसती. चौकीतल्या कोणी हे सांगितलं नाही, आम्हाला ठाऊक नव्हतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर आता कलम १६४ आहे: मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, चूक सिद्ध करण्याची अट नाही. हे वाचणाऱ्या किती जणांना माहीत होतं?

आपण मात्र दर वेळी शिक्षा वाढवण्याच्या मागे. नव्या भारतीय न्याय संहितेत, अपघातात माणूस दगावला आणि चालक पोलिसांना न कळवता पळाला तर दहा वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद आली. २०२४च्या जानेवारीत ट्रकचालकांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, हे आठवत असेल. तेव्हा चालक म्हणत होते, आम्ही थांबलो तर जमाव मारून टाकेल. ती तरतूद स्थगित ठेवावी लागली. ग्रुपवर तेव्हा आम्ही सगळे ट्रकवाल्यांना नावं ठेवत होतो. मला आता काकाच्या 'चार ठेवून दिल्या' आठवतात.

हॉलंडचे लोक जन्मतःच शहाणे होते असंही कोणी समजू नये. १९७१ साली या एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. विक लांगेनहोफ या पत्रकाराची मुलगी अशीच गेली, आणि १९७२मध्ये त्याने 'मुलांच्या हत्या थांबवा' अशा मथळ्याचा लेख लिहिला. तेच पुढे आंदोलनाचं नाव झालं. रस्ते अडवले गेले, मग वेगळे सायकलमार्ग, वस्त्यांमध्ये कमी वेग हे सगळं हळूहळू आलं. मृत्यू घटले ते मुख्यतः या रस्त्यांमुळे. कलम १८५ला मी त्याचं श्रेय देणार नाही. आणि अलीकडच्या काही वर्षांत तर इथे गाडीतल्या माणसांपेक्षा सायकलवरची माणसं जास्त मरतात, विशेषतः म्हातारी. जाड टायरच्या इलेक्ट्रिक सायकली उडवणारी पोरं पाहिली की माझंही डोकं फिरतं.

मग सायकलवाले बेफिकीर होणार नाहीत का, असं ग्रुपवर एकाने विचारलं. विम्याचे पैसे मिळतात म्हणून स्वतःचं मनगट मोडून घेणारा मला अजून भेटायचा आहे. बेफिकिरी होते ती गाडीच्या आत, कारण आतल्या माणसाचं मनगट मोडत नाही. आमच्या धंद्यात प्रोग्राम लिहिताना वापरणारा चुकीचं बटण दाबणारच हे धरून चालतात. चुकून सगळा डेटा उडाला तर "त्याने का दाबलं?" हे उत्तर मॅनेजर ऐकून घेत नाही. रस्त्यावर मात्र मी हेच उत्तर घेऊन उतरलो होतो.

एक अडचण मला खरोखर सुटलेली नाही. हाच नियम पुण्यात कडक लावला, तर 'मोठी गाडी' म्हणजे बऱ्याचदा जेवण पोचवणाऱ्या पोराची स्कूटर असेल, विमा संपलेली. भरपाई त्याच्या खिशातून येणार का? इथे वाहन नोंदणी कार्यालय नोंदवही आणि विम्याची यादी आपोआप पडताळतं. विमा नसेल तर गाडी दारातून हलली नाही तरी दंडाचं पत्र येतं. आपल्याकडेही गाड्यांची नोंद आणि विमा दोन्ही आता कॉम्प्युटरवर आहेत. तेवढं जरी झालं, तरी माझ्या मते ते दहा वर्षांच्या कैदेपेक्षा जास्त कामाचं ठरेल.

मुलाला इथल्या पद्धतीप्रमाणे मी एक कार्ड पाठवलं. प्लॅस्टर निघालं, विम्यातून नवी सायकल आली, दिवा आईने लावून घेतला. त्या कोपऱ्यावर तो अधूनमधून दिसतो. अजूनही दातांशी पूर्ण थांबत नाही, नुसता वेग कमी करतो. मीही करतो.

परवा बाबांनी विचारलं, त्या पोराचा हात बरा झाला का. झाला म्हटलं. मग थोडं थांबून म्हणाले, "त्या टेम्पोवाल्याचा पुढचा दात पडला होता रे. त्याला कोणी काय दिलं असेल?"