दुबईला नसलेली खाला

ईदला ऑफिसातले मित्र शिरखुर्मा खायला कासूला आले की अम्मी आधी शोकेसमधला एक फोटो उचलून कपाटात ठेवते. एकदा विसरली, आणि एकानं विचारलंच, "या कोण?" अम्मी म्हणाली, "माझी मोठी बहीण. दुबईला असते." आमच्याकडे घरटी एखादा माणूस आखातात असतो, त्यामुळे दुबई खपून जाते. खाला दुबईला कधी गेलेली नाही. ती कराचीत राहते.

हे खोटं मीही अनेक वर्षं बोललो. आता बोलणार नाही.

खाला १९६१ साली लग्न होऊन तिकडे गेली. तिच्या सासऱ्यांचं कुटुंब कराचीत गेलं होतं ते फाळणीच्या कितीतरी आधी, बंदरावरच्या कामासाठी. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. पेणहून कराचीला जाणं म्हणजे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाणं. कराचीतली जुनी सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावानं ओळखली जाते. मग माझ्या खालाचा पत्ताच तेवढा गुन्हा कसा ठरतो?

२००७ च्या हिवाळ्यात मी अम्मीला घेऊन तिच्याकडे गेलो. मुंबईत व्हिसा मिळत नाही, म्हणून आधी दिल्लीच्या खेपा. व्हिसा देशाचा नव्हे, शहराचा. पोचल्यावर पोलिसात नोंद, निघताना पुन्हा नोंद. खालाचा मुलगा रजा टाकून आमच्यासोबत चौकीत बसायचा. पाहुण्यांची लाज वाटावी तशी नव्हे, आपल्या सरकारची लाज वाटावी तशी मान घालून. घरी मात्र तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट. खालाची कोकणी बोली अम्मीपेक्षा जुनी, कारण तिची साठच्या दशकातच थांबली. तिनं मला पहिला प्रश्न विचारला तो कासूच्या खाडीच्या बांधाचा. बांध फुटून शेतात खारं पाणी शिरतं का रे अजून?

जाता-येता आम्ही थार एक्सप्रेसनं मुनाबावची सरहद्द ओलांडली. १९६५ च्या युद्धात बंद पडलेला हा मार्ग २००६ च्या फेब्रुवारीत उघडला होता. बाडमेरचं वाळवंट, कुंपण, आणि तपासणीच्या रांगेत गाठोडी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. तिथं घोषणा देणारं कुणी नव्हतं. पुढे सहकाऱ्यांबरोबर अटारीला गेलो. तिथं गॅलऱ्या, ढोल, पाय आपटणारे जवान आणि बेंबीच्या देठापासून ओरडणारे पर्यटक. पलीकडच्या गॅलरीतही तेच, फक्त नारे वेगळे. सरहद्द पाहायला आलेल्या या हजारोंपैकी ती ओलांडायची गरज किती जणांना होती?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये थार आणि समझौता दोन्ही गाड्या बंद झाल्या. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला २६ निरपराध माणसं मारली गेली आणि अटारीचा रस्ताही बंद झाला. तो संताप माझाही आहे. पण मे महिन्यातच अटारीचा सोहळा पुन्हा सुरू झाला, फाटक न उघडता, हस्तांदोलनाशिवाय. म्हणजे तमाशा चालू, वाट बंद.

सुरक्षेचं काय, असं विचाराल. जरूर विचारा. २६ नोव्हेंबर २००८ ला कराचीहून समुद्रमार्गे आलेले ते दहा जण व्हिसाच्या रांगेत उभे राहिले नव्हते. तपासणी हवी तेवढी कडक करा. पण २०१२ च्या व्हिसा करारात ६५ वर्षांवरील माणसांना अटारीला पोचल्यावर व्हिसा द्यायचं ठरलं होतं. जानेवारी २०१३ मध्ये ते सुरू होता होता थांबवलं गेलं. ऐंशी पार केलेल्या बाईला बहिणीला भेटू देण्यानं कुठलं राष्ट्र धोक्यात येतं, हे दिल्ली आणि इस्लामाबाद दोघांनी सांगावं.

आणि आपल्या लोकांनाही विचारायचंय. ‘पाकिस्तानात जा’ म्हणणाऱ्याला उत्तर देता येत नाही म्हणून आपण सख्खी माणसं लपवतो, आणि लपवलेल्या गोष्टीचा संशय आपणच वाढवतो. ज्यांची माणसं तिकडे आहेत तेच गप्प बसले, तर ६५ वर्षांवरच्यांसाठी ती सवलत परत मागणार कोण?

येत्या ईदला फोटो शोकेसमध्येच राहील, असं मी अम्मीला सांगितलंय. ती अजून हो म्हणालेली नाही.